धोट्यांच्या घरची थंड खोली

मे महिन्यात नागपूरला जाणारी माणसं दोन प्रकारची. एक, ज्यांच्या घरचं लग्न तिथं आहे. आणि दुसरी, ज्यांनी आधी चौकशी केलेली नाही. मी दुसऱ्या प्रकारातली. वेंगुर्ल्याच्या बाजूची मी, घरबांधणीच्या नकाशांची पदविका शिकत होते. आमच्या सरांनी एकदा वर्गात विचारलं की नागपूरच्या एका संस्थेत उन्हाळी अभ्यासवर्ग आहे, विषय उष्ण प्रदेशातली घरं, राहण्याजेवण्याची सोय आहे, कोण जातं? सगळ्यांनी खाली पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत होते, म्हणून माझं नाव लागलं. आईने ट्रंकेत छत्री घातली, कारण आमच्याकडे माणूस परगावी निघाला की छत्री घालतात. नागपूर स्टेशनवर उतरल्यावर मी ती उघडली. दोन हमाल माझ्याकडे बघत राहिले. उन्हावर छत्री हा इलाज त्यांना बहुधा पोरखेळ वाटला असावा, आणि आठवड्याभरात मलाही तसंच वाटू लागलं.

अभ्यासवर्ग चालवणारे घाटे सर बारीक, उंच आणि कायम घामेजलेले असत. छताला पांढरा चुना लावला की खालची खोली इतकी थंड राहते की कूलरची गरजच उरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ही कल्पना त्यांची नव्हती, पण तिच्यावरचं प्रेम संपूर्ण त्यांचं होतं. त्याच सुमाराला नागपूरजवळच्या हिंगण्याचा एक कारखाना आपल्या कामगारांसाठी क्वार्टरं बांधायला निघाला होता. नागपूरच्या घरात एक खिडकी कूलरसाठी राखून ठेवलेली असते, जशी इतरत्र एक भिंत देवांसाठी ठेवतात. चुन्यानेच भागत असेल तर ती खिडकी आणि तिच्या बाहेरचा ओटा वगळून टाकू, असा कारखान्याच्या साहेबांचा विचार होता, आणि त्याचा निर्णय आमच्या निरीक्षणांवर होणार होता. म्हणून शहरातल्या काही घरांच्या छतांना चुना लावला होता आणि प्रत्येक घरात आमच्यातला एकेक विद्यार्थी पाहुणा म्हणून ठेवला होता. रिकाम्या घराचं तापमान खोटं बोलतं, माणसं राहत असलेलं घर खरं बोलतं, असं सर म्हणत. विद्यार्थ्याच्या खोलीत कूलर लावायचा नाही, पाणी शिंपडायचं नाही, ओले पडदे सोडायचे नाहीत, हे नियम त्यांनी घरोघरी जाऊन मोठ्याने वाचून दाखवले. सगळ्या यजमानांनी मान हलवली. नागपूरचा माणूस मान हलवतो त्याचा अर्थ त्याने ऐकलं एवढाच असतो, हे सरांना अजून कळायचं होतं. ते मूळचे साताऱ्याचे.

मी धोट्यांच्या वाट्याला आले. जरीपटक्याच्या बाजारामागे, तीन खोल्यांचं आणि छोट्या अंगणाचं घर. धोटेकाका हिंगण्याच्या त्याच कारखान्यात लेथवर होते. पाळी सकाळची असली की अंधारात कंपनीची बस पकडायला निघत आणि जाताना माझ्या खोलीवरच्या छताकडे एकदा पाहून जात, कारण नव्या क्वार्टरांपैकी एक त्यांना मिळायचं होतं. "आपलं पक्कं हाय," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. "हे चुन्याचं जमलं का मंग तसंच छत आपल्याबी डोक्यावर." धोटेकाकू ठेंगण्या, भराभर चालणाऱ्या, आणि आपण काही विशेष करत नाही आहोत अशा चेहऱ्याने दिवसभर राबणाऱ्या. आणि तिसरे आबाजी, काकांचे वडील. काटोलकडची शेती धाकट्या मुलाच्या हवाली करून थोरल्याकडे आलेले, ऐंशीच्या पुढचे, कानाने मंद, जिभेने अजिबात मंद नाहीत.

घरात कूलर एकच, मधल्या खोलीत, आबाजींच्या खाटेसमोर. लोखंडी पत्र्याचा, चाकांच्या घडवंचीवर बसवलेला, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या. त्याचा आवाज इतका होता की त्या घरात कोणी हळू बोलतच नसे. भाजीत मीठ जास्त झालं हे सांगायलाही काका गच्चीवरून हाक मारावी तसे ओरडत. कूलर बंद झाला की सगळे एकदम थांबत, आपलाच आवाज ऐकून दचकत, आणि मग कोणीतरी म्हणे, "लाईन गेली." आज माझ्या घरात एअरकंडिशनर आहे, तो आवाज करत नाही, आणि मी व माझा मुलगा एका खोलीत बसून तासन्‌तास एकमेकांशी बोलत नाही. दोन्हींचा संबंध आहे की नाही मला माहीत नाही. घरबांधणीच्या पुस्तकात याबद्दल काही दिलेलं नाही.

उन्हाळ्यात नागपूरची माणसं रात्री गच्चीवर झोपत. त्या वर्षी धोट्यांच्या गच्चीला चुना, त्यामुळे वर पाऊल टाकायची मनाई. मग काका, काकू आणि आबाजी अंगणात खाटा टाकून झोपत. मी परक्याची वयात आलेली मुलगी, मला गल्लीच्या तोंडावर झोपवणं काकूंच्या नियमात बसत नव्हतं. मी आत, माझ्या खोलीत. पहिल्या रात्री मी उशी घेऊन जमिनीवर आले, मग उशी टाकून दिली, मग पाण्याचा तांब्या पोटावर ठेवून पडून राहिले. सकाळी काकूंनी माझा चेहरा पाहिला आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांचं ते न बोलणं मी थकव्याच्या खात्यात टाकलं.

जेवणाचं मात्र सांगितलं पाहिजे. आमच्याकडे वरण म्हणजे पोटाला विश्रांती. धोट्यांकडे वरणावर लाल तिखट तेलाची फोडणी ओतत आणि मग "घे न, फिकंच हाय" म्हणत. वडाभात मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा भातात कुस्करलेला वडा पाहून मला वाटलं काहीतरी अपघात झाला आहे. वरून कढत तेल पडलं, पहिला घास गेला, आणि मी कोकणातल्या भाताबद्दल मनातल्या मनात दोन-चार वाईट गोष्टी बोलून गेले. कोथिंबिरीला तिथं सांबार म्हणतात आणि तिच्या वड्या काकू अशा करत की त्या मोजून खाणं अशक्य होतं. दुपारी पन्हं, बाहेर जाताना पर्समध्ये कांदा. उन्हाची झळ कांदा ओढून घेतो, असं आबाजींनी मला शपथेवर सांगितलं होतं. माझ्या सगळ्या वह्यांना तो वास लागला. संस्थेत सगळ्यांच्याच वह्यांना होता, म्हणून कोणाला कळत नसे.

माझं काम सोपं होतं. खोलीच्या भिंतीवर लाकडी पेटीत एक थर्मामीटर. त्याच्या नळीत एक बारीक लोखंडी काडी असे. दिवसभरात पारा चढेल तिथवर तो तिला ढकलत नेई आणि उतरताना तिथंच सोडून जाई. मी सकाळी संस्थेत जाई, संध्याकाळी येऊन काडी कुठं थांबली ते पाही, आकडा लिही आणि लोहचुंबकाने तिला खाली आणी. पहिले दोन-तीन दिवस आकडे भयंकर होते. नंतर ते एकदम उतरले आणि उतरलेलेच राहिले. खोलीत शिरताना गारवा जाणवे. रात्री मला झोप लागू लागली. घाटे सर माझा तक्ता हातात धरून वर्गभर फिरत आणि म्हणत, "चुना मुरावा लागतो. धोट्यांच्या छतात तो मुरला." फक्त रविवारचे आकडे जागच्या जागी होते, पहिल्या दिवसासारखेच भयंकर. माझा आलेख विरळ दातांच्या फणीसारखा दिसे. त्यावरही सरांनी उत्तर काढलं. रविवारी माणसं घरी असतात, माणसांच्या अंगाची उष्णता खोलीत साठते. त्याला त्यांनी 'कौटुंबिक उष्णता' असं नाव दिलं आणि आम्ही ते वहीत उतरवून घेतलं.

इतरांचे आकडेही कमीअधिक चांगले होते. वाईट होते ते एकाच मुलीचे, कमलचे. ती धुळ्याकडची, अबोल, काळजीपूर्वक अक्षर काढणारी. एका निवृत्त वकिलांच्या मोठ्या, नीटनेटक्या घरात तिची सोय होती. तिची काडी रोज रविवारसारखीच वर. "थर्मामीटर उन्हात तर ठेवत नाहीस ना?" सर विचारत. "नाही सर." "मग वाचायला चुकतेस." ती पुन्हा वाचे, पुन्हा तेवढंच येई. तिच्या मानेवर घामोळ्यांचे लाल पट्टे होते आणि ती व्याख्यानात बसल्या बसल्या डुलक्या घेई. मी एकदा तिला पारा डोळ्यांच्या रेषेत धरून कसा वाचायचा ते समजावून सांगितलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं. मला तेव्हा आपण मोठ्या मनाच्या आहोत असं वाटलं होतं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी समारोप होता. यजमान कुटुंबांना बोलावलेलं, कारखान्याचे साहेब येणार, त्यांच्यासमोर मी माझा तक्ता मांडायचा आणि साहेबांनी खिडकीबद्दलचा निर्णय तिथंच सांगायचा. रात्री माझी गाडी. काकूंनी सकाळपासून आंब्याचा रस, कुरडया आणि सांबारवड्यांचा घाट घातला होता. आम्ही थर्मामीटरं संध्याकाळी सोबत आणायची असं ठरलं होतं, पण सरांना ती आधी टेबलावर मांडून ठेवायची हुक्की आली आणि त्यांनी आम्हाला भर दुपारी घरी पिटाळलं. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावर कोणी नसतं. डांबर चपलेला धरून ठेवत होतं. काकूंना त्या वेळी दारात कोणी येईल अशी कल्पना असणं शक्यच नव्हतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. कूलरचा आवाज येत होता, पण तो नेहमीच्या जागेवरून येत नव्हता. मधल्या खोलीत आबाजींची खाट रिकामी, कूलरची जागा रिकामी, फरशीवर चाकांच्या ओल्या रेघा. रेघा माझ्या खोलीकडे गेल्या होत्या. दारात कूलर उभा होता आणि माझ्या रिकाम्या पलंगावर, माझ्या उशीवर, भिंतीवरच्या लाकडी पेटीवर सारा जोर लावून वारा सोडत होता. खोलीत वाळ्याचा वास भरला होता. तो वास मला रोज संध्याकाळी येई आणि मी त्याला चुन्याचा वास समजत असे.

मोरीतून खाकरल्याचा आवाज आला. आबाजी तिथं ओल्या पोत्यावर भिंतीला टेकून बसले होते, डोक्यावर ओला पंचा, पाय बादलीत. मला पाहून त्यांनी पंचा डोळ्यांवरून वर केला.

"काहून आली वं यावेळी? ऊन लागन न."

"आबाजी, तुम्ही इथं का बसलात?"

"बरं वाटते."

"रोज बसता?"

"रोज नाही," आबाजी म्हणाले. "इतवारी नाही बसत. इतवारी तू घरी राहते न."

आयुष्यात मला पुष्कळ गोष्टी उशिरा कळल्या आहेत, पण एवढं सगळं एकदम कधी कळलं नाही. मी मोरीच्या उंबऱ्यावर बसले. ऐंशी ओलांडलेला माणूस महिनाभर आपली खाट आणि आपला कूलर सोडून मोरीत बसत होता, आणि मी संध्याकाळी येऊन त्याला चुन्याचे फायदे सांगत होते. त्याने ते कानामागे हात धरून ऐकलेही होते. मला रडायला आलं आणि हसायलाही आलं, आणि दोन्ही एका वेळी जमेना म्हणून मी उठून कूलर बंद केला.

आवाज थांबल्याबरोबर शेजारून काकू धावत आल्या. हातात कुरडयांची परात. त्यांनी मला पाहिलं, कूलरकडे पाहिलं, आणि परात खाली ठेवली.

"पाह्यलं तुनं," त्या म्हणाल्या.

"काकू, नियम सांगितला होता सरांनी."

"सांगितला होता. मी कुठं नाही म्हटलं?" काकू पदराने कपाळ पुसत म्हणाल्या. "पहिल्या राती तुहं तोंड पाह्यलं मी. लाल टमाटर. म्हटलं, ही समुद्राकडची पोरगी आठ दिवसांत आपल्या घरी मरते बाप्पा. मंग तुह्या मायले काय सांगू? सरांनं नाही म्हटलं होतं म्हणून?"

"आणि आबाजी?"

"मले काय होते?" मोरीतून आबाजी ओरडले. त्यांना हवं ते बरोबर ऐकू येई. "मी काटोलच्या उन्हात औत हाकलं. ते पोट्टी काय करन?"

काकूंनी माझा हात धरला. "सांगू नको वं कोनाले. तुहं नाव होऊन राहिलं. सर किती खूश हाय. आन मले साऱ्यांसमोर लबाड म्हणतीन. आज जाऊन राहिली तू, जाऊ दे न."

खरं सांगते, जाऊ द्यावं असं मला वाटलं. मोह मोठ्या गोष्टींचाच होतो असं नाही. मला तक्ता मांडायचा होता, मी त्यासाठी साडीही ठरवून ठेवली होती. पण त्या फणीसारख्या आलेखावर कारखान्याची क्वार्टरं उभी राहणार होती. "काकू," मी म्हटलं, "मी नाही सांगितलं तर साहेब क्वार्टरला कूलरची खिडकीच ठेवणार नाहीत. तुमचं क्वार्टर तेच आहे."

काकूंनी माझा हात सोडला. त्यांनी त्यांच्या नव्या घराचा कितीदा तरी विचार केला असणार, स्वयंपाकघर कुठं, तुळस कुठं. खिडकी नाही हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी मोरीकडे पाहिलं. तिथं आबाजी पंचा पिळत होते.

"मंग ह्या बुढ्याचं काय होईन?" त्या हळूच म्हणाल्या, आणि पुढच्याच क्षणाला नेहमीच्या आवाजात, "थांब. मी लुगडं बदलतो. दोघी जाऊ." तिकडच्या बायका पुरुषांसारखं 'बदलतो' म्हणतात आणि तसंच वागतात. आबाजींनी मीही येतो म्हणून हट्ट धरला. शेवटी रिक्षात आम्ही तिघं, माझ्या मांडीवर थर्मामीटरची पेटी, आबाजींच्या डोक्यावर ओला पंचा.

संस्थेच्या सभागृहात दोन मोठे कूलर लावले होते. कमी उष्णतेच्या घरांवरचा समारंभ त्यांच्याशिवाय होणं शक्य नव्हतं. कारखान्याचे साहेब पहिल्या रांगेत मधोमध बसले होते. धोटेकाका पाळी संपवून कंपनीच्या बसने थेट आले होते आणि तेलकट हात मागे धरून भिंतीशी उभे होते. कमलचा तक्ता कोपऱ्यात, खुर्चीमागे लावलेला. घाटे सरांनी माझं कौतुक केलं, चुना मुरण्याबद्दल सांगितलं आणि मला बोलावलं. मी उभी राहिले. म्हटलं, "माझ्या खोलीचे आकडे चुन्याचे नाहीत. ते आबाजींच्या कूलरचे आहेत. मी घराबाहेर पडले की घरचे तो माझ्या खोलीत आणत होते, मला रात्री झोप लागावी म्हणून. मला आज दुपारी कळलं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी एकच शब्द विचारला. "रविवार?"

"रविवारी मी घरी असते, सर."

ते खुर्चीवर बसले. कौटुंबिक उष्णता तिथंच संपली. तेवढ्यात काकू उभ्या राहिल्या. "तिचं काही नाही सर, तिले ठाऊकच नव्हतं. मी केलं. पाव्हणी पोरगी भट्टीत झोपवाची आन आपुन पाहाचं, हे नाही जमलं मले."

मग जरीपटक्याच्या बाजारातल्या कापडदुकानवाल्या बाई मागून म्हणाल्या, "मैंने तो बस परदा गीला किया था, सर. बच्चे को क्या भूनना था?" त्यांच्याकडे राहिलेला मुलगा कानापर्यंत लाल झाला. मग दुसऱ्या एका घरचे गृहस्थ उठले. ते छतावर रोज दुपारी पाणी मारत, चुना धुऊन जाऊ नये म्हणून अगदी हळू. एका घरी थर्मामीटरच दिवसभर माठाशेजारी नेऊन ठेवत, उष्णतेने नळी फुटली तर पोराला भरपाई द्यावी लागेल म्हणून. एक एक करून सगळे बोलले. कोणाच्याही चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता. लग्नात आपण काय आहेर केला ते सांगावं तसं सांगत होते.

"म्हणजे नागपुरात प्रयोगच करता येत नाही," साहेब म्हणाले.

"पाहुण्यांवर करता येत नाही," घाटे सर म्हणाले. तो त्यांचा त्या उन्हाळ्यातला एकमेव निष्कर्ष, जो मी पुढे आयुष्यभर खरा ठरताना पाहिला.

मग वकीलसाहेब उठले. पांढरा स्वच्छ सदरा, हातात काठी. "आमच्याकडे," ते म्हणाले, "नियमाबाहेर काहीही झालेलं नाही. पाण्याचा थेंब नाही, पडदा नाही, काही नाही. जसं सांगितलं, तसं." त्यांनी हे अभिमानाने सांगितलं आणि त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

सरांनी कोपऱ्यातून कमलचा तक्ता मागवला. तो पुढे आणून सगळ्यांसमोर धरला. चुन्याने थोडा फरक पडत होता, पण कूलरशिवाय भागेल एवढा मुळीच नाही. साहेबांनी तो नीट पाहिला, दोन-तीन प्रश्न विचारले, कमलने बरोबर उत्तरं दिली. "खिडकी राहील," साहेब म्हणाले. भिंतीपाशी धोटेकाकांनी डोळे मिटले आणि उघडले. आबाजींनी मोठ्याने विचारलं, "काय म्हटलं?" आणि काकू त्यांच्या कानात ओरडल्या, "खिडकी भेटली!" सरांनी सर्वांसमोर कमलची माफी मागितली, चांगल्या शब्दांत मागितली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका खऱ्या खोलीने सगळा अभ्यास वाचवला, असं सर म्हणाले. मीसुद्धा जोरात टाळ्या वाजवल्या.

कमल हसली नाही. ती उभी होती आणि नियम मोडलेल्या एकेका यजमानाकडे पाहत होती, कापडदुकानवाल्या बाईंकडे, छतावर पाणी मारणाऱ्या गृहस्थांकडे, काकूंकडे. मग ती खाली बसली आणि तक्त्याचा मुडपलेला कोपरा बोटाने सरळ करू लागली. तो कोपरा बराच वेळ सरळ होईना. ती काय मोजत होती ते मला कळलं, आणि टाळ्या वाजवणारे हात मला लपवावेसे वाटले. आता नागपूरला मिहानच्या उद्योगनगरीकडे गेले की काचेच्या थंडगार इमारती दिसतात. आत सगळ्यांसाठी एकच तापमान ठेवलेलं असतं. तेव्हा मला हमखास ती आठवते.

चहा-चिवड्याच्या गर्दीतून काकू सरळ तिच्याकडे गेल्या. मी मागोमाग.

"तुह्या घरचे कसे होते वं?" काकूंनी विचारलं.

"चांगले होते," कमल म्हणाली. "ताट वेळेवर यायचं."

"यायचं म्हंजे? तू कोठी जेवत होती?"

"खोलीत. झाकून ठेवायचे."

काकूंनी तिच्या मानेवरच्या घामोळ्यांकडे पाहिलं. वकीलसाहेब चार हातांवर चहा पीत उभे होते. काकू त्यांना काहीतरी बोलतील असं मला वाटलं, आणि बोलाव्यात असंही वाटलं. पण त्यांनी कमलला विचारलं, "गाडी कधी तुही?"

"उद्या सकाळी."

"मंग रातच्याले आमच्या घरी. सामान घेऊन ये. हे येतीन संगं," आणि काकांकडे हनुवटीने खूण केली. काका पेढा तोंडात कोंबून निघाले.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काकूंनी स्वयंपाकघरात पाटांची रांग मांडली. कमल दारात थबकली आणि म्हणाली, "इथं बसू?" हा प्रश्न कशासाठी ते आबाजींना कळलं नाही, किंवा त्यांना ऐकू आलं नाही. "बस न वं, उभ्यानं जेवतेत का?" ते म्हणाले. ती माझ्या आणि आबाजींच्या मध्ये बसली. काकूंनी तिला रस वाढला, वाटी रिकामी झाली की पुन्हा वाढला, ती नको म्हणाली तरी वाढला. सांबारवड्यांची माझ्या वाट्याची शेवटची चळतसुद्धा तिच्या ताटात गेली. पाहुणी आता ती होती, आणि मला ते लगेच कळलं.

माझी गाडी निघायला वेळ होता. जेवण झाल्यावर काकूंनी कमलला माझ्या खोलीत पडायला सांगितलं. मग आबाजी, काका आणि काकू, तिघांनी मिळून कूलर ढकलत तिच्या दारात नेला. आज लपूनछपून नव्हतं, म्हणून चाकांचा भरपूर आवाज झाला. काकांनी बादलीने पाणी भरलं, बटण दाबलं, आणि तो घरघरून सुरू झाला. कमल कुशीवर वळली आणि पाच मिनिटांत तिला गाढ झोप लागली.

रिक्षा आली तेव्हा मी तिचा निरोप घ्यायला आत गेले. तिला उठवायचं माझ्याने होईना. मी दाराशीच उभी होते, काकू माझ्या मागे. तेवढ्यात कमल अर्धवट झोपेत, डोळे न उघडता पुटपुटली, "थंडी वाजते."

काकूंनी ट्रंकेतून गोधडी काढली, तिच्या अंगावर घातली, पायाशी नीट खोचली, आणि कूलर होता तसाच चालू ठेवला.